वतन, सिंहासन आणि वस्त्रे
(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

शाळेत असताना इतिहास म्हणजे लढाया आणि तहांची यादी असा आपला समज असतो. कोणत्या साली कोण जिंकला आणि कोण हरला एवढे पाठ केले की गुण पदरात पडतात. महाविद्यालयात आल्यावर मात्र एक वेगळा प्रश्न मनात येऊ लागतो. जो जिंकला तो मुळात लढण्याइतका मोठा झाला कसा? एखादे घराणे पाटलाचे किंवा देशमुखाचे असते. त्याच्यासारखी पन्नास घराणी आसपास नांदत असतात. मग त्यांतील एकच घराणे राजपदाला का पोहोचते? काही घराणी राजाच्या तोडीस तोड होऊन का बुडतात? आणि बाकीची पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गढीतच का राहतात?

या प्रश्नाच्या अभ्यासाला आपल्या म्हसळ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. जिल्ह्याचा नकाशा उघडून म्हसळ्यावर बोट ठेवावे. पूर्वेकडे डोंगरांच्या पलीकडे रायगड आहे. तेथे भोसले घराण्यातील पुरुषाला अभिषेक झाला. वायव्येस समुद्रात जंजिरा आहे. तेथे परमुलखातून आलेल्या सिद्द्यांनी तीनशे वर्षांच्या वर सत्ता टिकविली. नैर्ऋत्येस, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावे असे श्रीवर्धन आहे; तेथील भट घराण्यातून पेशवे निघाले. एक घराणे सिंहासनावर बसले, दुसऱ्याने किल्ला धरला, तिसऱ्याने कारभार हाती घेतला. तीन वाटा, आणि तिन्ही आपल्या दाराशी. प्रस्तुत लेखात या तीन वाटांचा विचार करावयाचा आहे. शेवटी, या मोठेपणाचा खर्च कोणी सोसला, हेही पाहावयाचे आहे.

वतन म्हणजे काय?

बहमनी राज्य मोडल्यावर महाराष्ट्रावर मुख्यतः अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांचा अंमल राहिला. सुलतान दूर राजधानीत आणि रयत डोंगरदऱ्यांत. या दोघांना जोडणारा माणूस म्हणजे वतनदार. गावाला पाटील आणि कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. देशमुखाने परगण्याचा वसूल गोळा करावा, शांतता राखावी, पडीक जमीन लागवडीस आणावी, आणि सरकारची स्वारी निघाली की माणसे घेऊन हजर व्हावे. त्याबद्दल त्याला वसुलाचा ठराविक हिस्सा, इनाम जमीन, निरनिराळ्या बलुतेदारांकडून वस्तुरूपाने हक्क आणि सणासुदीला मानपान मिळे.

वतन आणि जहागीर यांत फरक आहे, आणि तो नीट लक्षात घेतला तर पुढचे सारे सोपे जाते. जहागीर किंवा मोकासा ही सुलतानाची मर्जी असे. आज दिली, उद्या काढून घेतली, परवा दुसऱ्या प्रांतात दिली. वतन मात्र वंशपरंपरेचे. सुलतान बदलला, राज्य बुडाले, तरी वतनदार आपल्या जागी. नवा राजा आला की तोही याच देशमुखाला बोलावून वसुलाचे विचारी, कारण कोणत्या शेताची कूस कोठे संपते हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसे. म्हणून जहागिरीने माणूस लवकर मोठा होई, पण वतनाने घराणे टिकून राही.

वतन कोणाचे, यावर तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे. तीत देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार असत. साक्षी होत, प्रसंगी दिव्यही करावे लागे, आणि निर्णयाचा महजर होई. त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या असत. पाटलाच्या सहीशेजारी नांगर आणि सुताराच्या सहीशेजारी त्याचे हत्यार काढलेले असे. याचा अर्थ असा की नुसता कब्जा म्हणजे वतन नव्हे. चारचौघांनी ‘हे याचे’ म्हणून मान्य करावे लागे. ही मान्यतेची गोष्ट मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. पुढे राजपदापर्यंत ती आपल्याला भेटत राहते.

वतनासाठी काहीही

वतन टिकविण्यासाठी घराणी काय करीत, याचे चांगले उदाहरण रोहिडखोऱ्यातील जेधे आणि खोपडे यांचे आहे. देशमुखीच्या हक्कावरून या दोन घराण्यांचे पूर्वापार वैर. १६५९ साली अफजलखान विजापुराहून निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. खंडोजी खोपडे खानाला मिळाला. कान्होजी जेधे मात्र आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले. वतनाचे काय, असे महाराजांनी विचारल्यावर कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, अशी हकीकत जेधे करीन्यात आली आहे. आज आपण या प्रसंगाकडे स्वामिनिष्ठा आणि फितुरी म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळच्या देशमुखाच्या दृष्टीने पाहिले तर वतनावर पाणी सोडणे म्हणजे मागच्या आणि पुढच्या सर्व पिढ्यांचा आधार सोडणे होते. कान्होजींचा मोठेपणा त्यामुळे कमी न होता वाढतो.

दुसरे उदाहरण जावळीच्या मोऱ्यांचे. महाबळेश्वरच्या पायथ्यापासून कोकणात उतरणारे घाट त्यांच्या ताब्यात होते. आदिलशाहीकडून ‘चंद्रराव’ हा किताब त्यांच्या घराण्यात चालत आलेला. नावाला विजापूरचे मांडलिक, पण जावळीच्या रानात सुलतानाचे लष्कर सहसा शिरत नसे, म्हणून मोरे स्वतःला राजेच समजत. १६५६ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. चंद्ररावाने रायरीच्या डोंगराचा आश्रय केला. तोही त्याच वर्षी पडला. ही रायरी म्हणजेच पुढचा रायगड. ज्या डोंगरावर अठरा वर्षांनी सिंहासन मांडले गेले तो डोंगर एका जुन्या बलाढ्य घराण्याकडून जिंकून घेतलेला होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. राज्य उभे राहायचे तर आदिलशहाशी आणि मोगलांशी लढणे जितके आवश्यक होते, तितकेच आपल्यातल्या छोट्या राजांना आवरणेही आवश्यक होते.

एका घराण्याची चढण

भोसले घराण्याकडे मूळच्या वेरूळ वगैरे गावच्या पाटिलक्या. मालोजी भोसले निजामशाहीत चाकरीला लागले आणि पुणे व सुपे हे परगणे त्यांच्याकडे मोकाशाने आले. चाकरीच्या जोडीला सोयरीक आली. फलटणचे निंबाळकर हे जुने आणि वजनदार घराणे. मालोजींची पत्नी त्या घराण्यातील. शहाजीराजांचा विवाह सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाबाई यांच्याशी झाला. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई पुन्हा निंबाळकरांच्या, तर संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई शिर्क्यांच्या. लग्न म्हणजे दोन घराण्यांचा तहच होता, आणि या तहाची किंमत पुष्कळदा त्या घरातील स्त्रियांनी चुकविली. १६२९ साली लखुजी जाधवराव निजामशाही दरबारात दग्याने मारले गेले, तेव्हा जिजाबाईंचे माहेर एका दिवसात उद्ध्वस्त झाले. दरबाराच्या मर्जीवर वाढलेले घराणे दरबाराच्या गैरमर्जीने कसे पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

शहाजीराजांचे कर्तृत्व मोठे होते. १६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेऊन निजामशहाला कैद केले, तेव्हा शहाजीराजांनी त्या वंशातील एक मूल गादीवर बसवून तीन वर्षे राज्य चालविले. १६३६ मध्ये माहुली किल्ल्यावर तो डाव संपला आणि ते आदिलशाहीत गेले. येथे एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सैन्य शहाजीराजांचे, किल्ले त्यांच्या हाती, कारभार त्यांचा; मग गादीवर दुसऱ्याचे मूल का? कारण त्या वेळी मराठा सरदाराला राजा म्हणून कोणी मान्य केले नसते. तलवार होती, मान्यता नव्हती.

१६७४ पर्यंत ही परिस्थिती पालटली होती, तरी पूर्णपणे नाही. शिवाजी महाराजांच्या ताब्यात मुलूख, किल्ले, आरमार, सारे होते. तरीही आदिलशहाच्या लेखी ते एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्र, आणि जुन्या मराठा घराण्यांच्या लेखी आपल्याच बरोबरीचे एक. त्यांनी दिलेली सनद ही राजाची सनद आहे की नाही, हा प्रश्न कोणीही काढू शकत होता. राज्याभिषेकाने या प्रश्नाचा निकाल लावला. काशीचे गागाभट्ट आले. भोसल्यांचा संबंध उदेपूरच्या सिसोदिया वंशाशी जोडण्यात आला, आधी मौंजीबंधनाचा संस्कार झाला आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर अभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर हजर होता. राज्याभिषेक शक सुरू झाला, होन आणि शिवराई ही नाणी निघाली, प्रधानांना संस्कृत पदनामे मिळाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावी यांच्या हातून तांत्रिक पद्धतीनेही अभिषेक झाला. म्हणजे ज्या ज्या परंपरेकडून मान्यता मिळवणे शक्य होते ती ती मिळविली. गोतसभेच्या महजरावर जशा निशाण्या, तसाच हा एका राज्याचा महजर होता असे म्हटले तरी चालेल.

राजा झाल्यावर महाराजांनी वतनदारांचे काय केले? वतने सरसकट बुडविली नाहीत. ते शक्यही नव्हते. पण सभासद बखरीवरून दिसते की त्यांनी देशमुखांच्या गढ्या आणि कोट पाडले, हक्क बांधून दिले, आणि अधिकाऱ्यांना मुलूख तोडून देण्याऐवजी शक्यतो रोख पगार देण्याची रीत घातली. नवी घराणी उपजू नयेत म्हणून ही खबरदारी. शिवाय सरदेशमुखीचा, म्हणजे वसुलाच्या दहाव्या हिश्शाचा, हक्क त्यांनी स्वतःकडे सांगितला. सर्व देशमुखांचा देशमुख तो राजा, असा त्यातला अर्थ. वतनाच्या भाषेतच वतनदारांना उत्तर दिले गेले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. मग ही घडी विसकटली. मोगलही वतने देऊ करीत होते. सरदारांना आपल्याकडे राखायचे तर मराठी राज्यालाही वतने आणि सरंजाम द्यावे लागले. पगार द्यायला खजिना नव्हता, हेही खरेच. राज्य वाचले, पण घराण्यांच्या सत्तेला मोकळी वाट मिळाली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे भाऊबंद वाटेकरीच मानले आहे आणि त्यांना सांभाळावे पण वाढू देऊ नये असे बजावले आहे. ज्यांनी तो कठीण काळ स्वतः निभावला त्यांचे हे मत असल्यामुळे त्याला विशेष वजन आहे.

जंजिरा : निवडीची सत्ता

आता दुसरी वाट. सिद्दी लोक मूळचे आफ्रिकेतील, मुख्यतः हबसाणचे. त्यांपैकी पुष्कळजण गुलाम किंवा शिपाई म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनच्या दरबारांत आले. निजामशाहीचा प्रसिद्ध कारभारी मलिक अंबर हाही गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. या लोकांना येथे वतन नव्हते, गोत नव्हते, सोयऱ्यांचे जाळे नव्हते. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या : समुद्रातला एक किल्ला आणि जहाजे. निजामशाही संपल्यावर ते आदिलशाहीकडे राहिले.

बराच काळ जंजिऱ्याचा मुख्य बापामागून बेटा असा ठरत नसे. सिद्दी सरदार आपल्यातून कर्ता पुरुष पुढे करीत. याचा प्रत्यय १६७० च्या सुमारास आला. शिवाजी महाराजांच्या वेढ्याने जेर झालेला फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा सिद्दी संबूल, कासम आणि खैर्यत यांनी त्याला कैद केले व मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांना आरमाराची कामगिरी आणि पैसा दिला. ‘याकूतखान’ हा किताब पुढे त्यांच्याकडे चालला. वंशाच्या हक्कावर चालणारे राज्य असते तर फत्तेखानाच्या निर्णयाबरोबर जंजिराही गेला असता. येथे नालायक ठरलेला मुख्य बदलता आला, हे त्यांच्या टिकण्याचे एक कारण दिसते.

पण हीच पद्धत पुढे अडचणीची ठरली. मुख्य मेला की तंटा. १७३३ पासून पेशव्यांनी आणि प्रतिनिधींनी सिद्द्यावर मोहीम केली. रायगड परत आला. १७३६ मध्ये सिद्दी सात चिमाजी आप्पांशी लढताना पडला आणि तहात अकरा महालांचा वसूल निमेनिम ठरला. शतकाच्या अखेरीस वारसाच्या भांडणातून एका शाखेने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि १७९१ मध्ये सुरतेजवळ सचीन हे वेगळे संस्थान मिळविले. इंग्रजी अमलात जंजिऱ्याची गादी नवाबांच्या वंशात स्थिरावली. मुरूड आणि श्रीवर्धन यांच्याप्रमाणे आपले म्हसळेही त्याच संस्थानात होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा मुलूख कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड. एके काळी जंजिऱ्याच्या अमलात असलेली गावे आज रायगडाच्या नावाच्या जिल्ह्यात आहेत.

श्रीवर्धन : कारभारातून सत्ता

तिसरी वाट लेखणीची. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. सिद्द्याशी बिनसल्यामुळे बाळाजी विश्वनाथांना मुलूख सोडून घाटावर जावे लागले. म्हणजे या घराण्याचा उदय वतन सुटण्यापासून झाला. रामचंद्रपंत अमात्य, मग धनाजी जाधव अशा मोठ्या माणसांच्या हाताखाली त्यांनी वसुलाची आणि कारभाराची कामे केली. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा बाळाजी त्यांच्या बाजूस राहिले. १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळाले. लगेच त्यांनी ताराबाईंच्या पक्षाकडे असलेल्या कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांकडे वळविले आणि १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. १७२० मध्ये ते वारले. पद मुलाला, पहिल्या बाजीरावांना मिळाले. तेथून ते घराण्याचेच झाले.

हे घडताना स्पर्धा नव्हती असे नाही. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना पडले. जुनी घराणी मागे पडली आणि शिंदे, होळकर, पवार यांच्यासारखी नवी घराणी पेशव्यांच्या पाठबळाने वर आली. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि राज्याचा सारा कारभार पुण्यास आला.

तरीसुद्धा पेशवे छत्रपती झाले नाहीत. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. सातारची गादी दुबळी झाली होती, छत्रपतींना खर्चासाठीही पुण्याकडे पाहावे लागे. पण वस्त्रे त्यांचीच. १८१८ मध्ये पेशवाई बुडविल्यावर इंग्रजांनी लोकमत राखण्यासाठी साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांची स्थापना केली, यावरूनही त्या गादीची मान्यता किती खोल होती हे कळते. आणि उत्तरेत दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती आला तरी महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवीत. सत्ता कितीही वाढो, माणूस आपले मूळ अधिकारपत्र सोडायला तयार नसे.

स्कॉटलंडकडे एक दृष्टी

इंग्रजी विषय घेतलेल्या मित्रांना शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ माहीत आहे. नाटकातला मॅकबेथ सोडा, पण खरा मॅकबेथही होता. तो एका प्रांताचा बलाढ्य सरदार होता आणि १०४० ते १०५७ पर्यंत स्कॉटलंडचा राजा होता. त्या देशाचा मध्ययुगीन इतिहास वाचताना आपल्या घराण्यांची सारखी आठवण होते.

राजा पहिला डेव्हिड याने बाराव्या शतकात बाहेरून नॉर्मन सरदार आणून त्यांना जमिनी दिल्या. त्यांत ब्रूस हे घराणे होते. १२८६ मध्ये राजा तिसरा अलेक्झांडर मरण पावला, चार वर्षांनी त्याची वारस असलेली लहान नातही वारली, आणि गादीवर तेरा जणांनी हक्क सांगितला. निवाडा करायला इंग्लंडच्या राजाला बोलावले. त्याने निवाडा केला आणि देशही गिळायला सुरुवात केली. शेवटी १३०६ मध्ये रॉबर्ट ब्रूसने प्रतिस्पर्धी सरदार कॉमिन याला चर्चमध्ये ठार केले आणि काही आठवड्यांतच स्कोन येथे राज्याभिषेक करवून घेतला. अभिषेकाची शिळा इंग्रजांनी आधीच पळविली होती. तरी जागा तीच हवी होती. राजाला गादीवर बसविण्याचा मान ज्या घराण्याकडे परंपरेने होता त्या घराण्यातील एक स्त्री, बुकनची काउंटेस इझाबेला, हिने त्याला मुकुट घातला. तलवार हातात असूनही मान्यता लागतेच, हे रायगडाइतकेच तेथेही खरे ठरले.

ब्रूसच्या एका साथीदाराचे डग्लस घराणे पुढे इतके वाढले की राजालाच त्याचे भय वाटू लागले. १४५२ मध्ये राजा दुसरा जेम्स याने डग्लसच्या मुख्याला भेटीस बोलावून स्वतः भोसकले, आणि तीन वर्षांत त्या घराण्याच्या जमिनी जप्त झाल्या. राजसत्ता आणि बलाढ्य घराणी यांचा हा झगडा जावळीच्या प्रकरणाची आठवण करून देतो.

सर्वांत उद्बोधक तुलना पेशव्यांशी आहे. राजवाड्याचा कारभारी या अर्थाचे ‘स्ट्युअर्ड’ हे पद तेथे एका घराण्यात वंशपरंपरेने आले आणि पदाचे नाव हेच घराण्याचे ‘स्ट्युअर्ट’ हे आडनाव झाले; जसे आपल्याकडे भटांचे पेशवे. पण स्ट्युअर्ट १३७१ मध्ये राजे झाले आणि पेशवे झाले नाहीत. फरक सोयरिकीचा. रॉबर्ट ब्रूसची मुलगी मार्जरी स्ट्युअर्टांच्या घरात दिली होती. तिच्याच मुलाकडे गादी आली. आपल्याकडे छत्रपती आणि पेशवे यांच्यात जातीची भिंत होती. लग्नसंबंध अशक्य, म्हणून रक्ताच्या नात्याने गादीवर हक्क सांगणे अशक्य. कारभाऱ्याला सर्वाधिकार मिळाला, सिंहासन मिळाले नाही. युरोपातील आणि आपल्याकडील सत्तेच्या वाटा कोठे वेगळ्या होतात हे या एका उदाहरणावरून चांगले समजते.

ज्यांची सही लागली नाही

येथपर्यंत मान्यतेचा विचार झाला. वतनाला गोताची, सिंहासनाला धर्माची, जंजिऱ्याच्या मुख्याला सरदारांची, पेशव्याला सातारच्या वस्त्रांची मान्यता लागली. पण ज्याच्या कष्टावर हे सर्व उभे होते त्या कुळाची मान्यता कोणी विचारली? देशमुखाचा हक्क, मोकाशाचा वसूल, चौथाई, सरदेशमुखी, ही सारी ओझी अखेर एकाच भाताच्या खळ्यावर येऊन पडत.

कोकणात तर गावाचा धनी खोत. सरकारचा सारा भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून तो अर्धेल म्हणजे पिकाचा निम्मा वाटा घेई. शिवाय वेठ वेगळी. राजे गेले, पेशवे गेले, इंग्रज आले, पण ही शेवटची पायरी हलली नाही. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न करण्याचा संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळकायदा १९४८ मध्ये आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

माझे पणजोबा एका खोताचे कूळ होते. आमच्या घरी सनद नाही, महजर नाही, करीना नाही. घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे सातबाराचा उतारा, आणि त्यावर अंगठा आहे. इतिहासाच्या पुस्तकात ‘घराणे’ हा शब्द आला की मला तो कागद आठवतो. घराणी सगळ्यांचीच असतात. जुन्या काळात ज्यांच्याजवळ कागद होता त्यांचीच तेवढी ‘घराणी’ म्हणून नोंद झाली. यात मोठ्या घराण्यांचे कर्तृत्व नाकारण्याचा हेतू नाही. वतनावर पाणी सोडणारे कान्होजी आणि श्रीवर्धन सुटल्यावर राज्य सावरणारे बाळाजी यांच्याविषयी आदरच वाटतो. परंतु त्यांच्यामागे वसूल भरणारी माणसे होती, एवढे तरी लिहिले गेले पाहिजे.

समारोप

तात्पर्य, घराणे मोठे होण्यास जमीन, चाकरी, सोयरीक आणि शौर्य ही चार साधने लागतात. ती शहाजीराजांजवळ होती, मोऱ्यांजवळ होती, पेशव्यांजवळही त्यांपैकी पुष्कळ होती. परंतु राजपद मिळते ते या सर्वांवर इतरांची मान्यता मिळविली तर, आणि टिकते ते ही मान्यता खालपर्यंत पोहोचली तर. शिवाजी महाराजांनी वतनदाराला आवरले तेव्हा रयतेला आपला राजा दिसला. आजही त्यांचे नाव झोपडीत घेतले जाते ते याचमुळे, असे मला वाटते.

शेवटी एक सूचना. आपल्या म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड आणि तळे या तालुक्यांतील जुन्या घरांत माळ्यावर आणि पेटाऱ्यांत मोडी कागद अजून असतील. त्यांत मोठ्या घराण्यांच्या सनदा असतील, तसेच कुळांच्या कबुलायती, वेठीच्या याद्या, गलबतांचे हिशेबही असतील. वाळवीने आणि पावसाने दरवर्षी त्यांतले काही नाहीसे होत आहे. आपल्या महाविद्यालयात मोडी लिपीचा एक छोटा वर्ग सुरू झाला, आणि सुटीत दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे कागद पाहून त्यांची नुसती यादी केली, तरी मोठे काम होईल. माझ्या वर्गातील तिघांनी या कामाला येण्याचे कबूल केले आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.